‘रेबेका’ कशी वाचावी: एकाच नजरेतून सांगितलेल्या रहस्याचा आस्वाद

रहस्यकादंबरी म्हटली की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर खून, संशयित, तपास आणि शेवटच्या प्रकरणातला उलगडा असा क्रम उभा राहतो. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांच्यात ही अपेक्षा मुरलेली आहे आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र हीच अपेक्षा घेऊन ‘रेबेका’ उघडली की पहिल्या शंभर पानांतच वाचक चुळबुळू लागतो, कारण तिथे तपास नसतो, पोलीस नसतात, एक लाजरीबुजरी तरुणी एका अवाढव्य घरात बावरून वावरत असते, इतकेच. अनेकांनी हे पुस्तक याच टप्प्यावर खाली ठेवलेले मी पाहिले आहे आणि दर वेळी हळहळ वाटली आहे. त्यांनी जिथे वाचन थांबवले, तिथे रहस्य केव्हाच सुरू झालेले होते. ते घटनांत शोधायचे नसून निवेदिकेच्या वाक्यांत शोधायचे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

डॅफ्नी ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेने ही कादंबरी १९३७ मध्ये लिहायला घेतली, तेव्हा सैन्याधिकारी असलेल्या नवऱ्याच्या नेमणुकीमुळे ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला राहत होती. तिथल्या उकाड्यात तिचे मन इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलकडे, तिथल्या समुद्राकडे आणि झाडीत दडलेल्या मेनाबिली नावाच्या जुन्या वाड्याकडे ओढ घेत होते. १९३८ च्या ऑगस्टमध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. कथेची सुरुवात थोडक्यात अशी आहे: एका श्रीमंत आणि भोचक अमेरिकन बाईकडे वर्षाला नव्वद पौंडांवर सोबतीण म्हणून राहिलेली एकवीस वर्षांची मुलगी माँटे कार्लोच्या हॉटेलात मॅक्सिम द विंटर या बेचाळीस वर्षांच्या विधुराला भेटते, काही आठवड्यांत त्याच्याशी लग्न करते आणि मँडर्ली या त्याच्या घरी येते, जिथे त्याच्या दिवंगत पत्नीचा, रेबेकाचा, ठसा प्रत्येक वस्तूवर आहे. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. या लेखातील सर्व उदाहरणे मँडर्लीवर होणाऱ्या फॅन्सी ड्रेसच्या मेजवानीच्या अलीकडची आहेत, त्यामुळे ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनीही लेख निर्धास्तपणे वाचावा.

वाचायला बसण्यापूर्वी

पहिली खबरदारी अगदी व्यवहारातली आहे. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना, चित्रपटांची परीक्षणे आणि इंटरनेटवरचे सारांश यांपैकी काहीही आधी वाचू नये. अभिजात म्हणून गणल्या गेलेल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना जोडलेल्या अभ्यासपूर्ण प्रस्तावना बहुधा असे गृहीत धरतात की वाचकाला सगळे ठाऊकच आहे, आणि पहिल्या दोन पानांतच गाठ सोडवून मोकळ्या होतात. प्रस्तावना शेवटी वाचावी, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या हाती प्रथम जी प्रत आली ती वाचनालयाची होती आणि आधीच्या कोणा वाचकाने सातव्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने एका ओळीत सगळा उलगडा लिहून ठेवला होता. ती ओळ वाचल्यानंतर मी कादंबरी पूर्ण केली खरी, परंतु निवेदिकेबरोबर घाबरण्याचा, तिच्याबरोबर चुकण्याचा हक्क माझ्याकडून कायमचा हिरावला गेला. दुसऱ्या वाचनाचा आनंद मला मिळाला, पहिल्या वाचनाचा कधीच मिळाला नाही. म्हणून वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, आणि प्रत हाती आल्यावर समास न पाहता नजर ओळींवरच ठेवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. कादंबरीत सत्तावीस प्रकरणे आहेत. पहिल्या बैठकीला फक्त पहिली दोन प्रकरणे वाचावीत, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचा माँटे कार्लोचा भाग दोन बैठकांत संपवावा, आणि सातव्या प्रकरणात ती मँडर्लीला पोहोचते तिथून पुढे दर बैठकीला दोन प्रकरणांपेक्षा जास्त वाचण्याचा मोह आवरावा. सोबत एक साधी वही ठेवावी.

सांगणारी ‘मी’ आणि भोगणारी ‘मी’

सर्वज्ञ निवेदक असलेल्या कादंबरीत लेखक कोणाच्याही मनात शिरू शकतो आणि भिंतीपलीकडचेही पाहू शकतो. मर्यादित निवेदकाला ही मुभा नसते. तो ज्या खोलीत आहे त्या खोलीपुरतेच त्याला दिसते, इतरांच्या मनातले त्याला चेहऱ्यांवरून ताडावे लागते, आणि ताडताना त्याचा स्वतःचा स्वभाव मध्ये येतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मर्यादित निवेदक म्हणजे खोटारडा निवेदक नव्हे. काही कादंबऱ्यांतले निवेदक जाणूनबुजून लपवाछपवी करतात, पण ‘रेबेका’ची निवेदिका आपल्याला फसवत नाही. तिला जे वाटले ते ती प्रामाणिकपणे सांगते, आणि जे वाटले ते सगळे खरेच होते की काय, हे ठरवण्याचे काम आपल्यावर सोपवते.

शिवाय तिच्यात दोन ‘मी’ आहेत, आणि पहिली दोन प्रकरणे सावकाश वाचायची ती यासाठी. पहिल्या प्रकरणात स्वप्नातले मँडर्ली दिसते, ओसाड आणि रानाने गिळलेले. दुसऱ्यात ती आणि तिचा नवरा एका परक्या, उन्हाच्या देशातल्या साध्या हॉटेलात राहत आहेत, इंग्लंडहून येणारी शिळी वर्तमानपत्रे वाचत आहेत आणि एका विषयाला दोघेही कटाक्षाने बगल देत आहेत. म्हणजे काळाच्या क्रमाने पाहिले तर कादंबरीचा शेवट सुरुवातीलाच आलेला आहे. घर गेले, पण ती दोघे एकत्र आहेत, एवढे आपल्याला पहिल्याच दिवशी कळते. तिसऱ्या प्रकरणापासून जी मुलगी दिसते ती भोगणारी ‘मी’, आणि जी हे आठवून लिहिते ती सांगणारी ‘मी’. ही दुसरी सगळे जाणते, पण जाणूनबुजून पहिलीच्या अज्ञानाच्या मर्यादेत राहते. मधूनच एखाद्या वाक्यात ती डोके वर काढते, आपल्या तेव्हाच्या भाबडेपणाबद्दल एक उसासा टाकते आणि पुन्हा मागे सरते. अशा वाक्यांखाली, प्रत स्वतःची असेल तर, हलकी रेघ मारावी.

तीन रकान्यांची वही

आता मुख्य कामाकडे वळू. वहीच्या पानाचे तीन उभे रकाने करावेत आणि त्यांना ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘मानले’ अशी नावे द्यावीत. प्रत्येक प्रकरणाअखेर दोन-चार नोंदी पुरे होतात, सगळे टिपत बसल्यास वाचनाचा रस आटतो. हा खटाटोप परीक्षेच्या अभ्यासासारखा वाटण्याचा संभव आहे, परंतु दोन प्रकरणांनंतर तो हाताला सवयीचा होतो आणि मग रकाने मनातच पडू लागतात.

सातव्या प्रकरणातले उदाहरण घेऊ. मँडर्लीच्या दिवाणखान्यात नोकरांचा ताफा नव्या मालकिणीच्या स्वागताला रांगेत उभा आहे. काळ्या पोशाखातली, उंच आणि हाडकुळी मिसेस डॅनव्हर्स, घराची मुख्य व्यवस्थापिका, पुढे येऊन ठरावीक शब्दांत स्वागत करते. गोंधळात निवेदिकेच्या हातातून हातमोजे पडतात, मिसेस डॅनव्हर्स वाकून ते उचलून देते, तिच्या ओठांवर तुच्छतेचे हसू आहे असे निवेदिकेला दिसते आणि ही मला गावंढळ समजते आहे असे ती त्याच क्षणी ठरवून टाकते. घटना इतकीच आहे. हातमोजे पडणे आणि उचलले जाणे हे ‘पाहिले’च्या रकान्यात निःशंक जाते. हसू कुठे जाईल? ओठ हलले असतील, पण त्या हालचालीला ‘तुच्छता’ हे नाव कोणी दिले? आणि ‘गावंढळ समजते’ हे तर सरळ तिसऱ्या रकान्यातले आहे. निवेदिकेचा अंदाज चुकीचाच आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. डोळ्यांनी टिपलेली गोष्ट, तिला दिलेले नाव आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष हे तिन्ही एका दमात, एका वाक्यात येतात, आणि ते सुटे करता येणे हीच या कादंबरीच्या वाचनाची पहिली पायरी आहे.

याहून श्रीमंत जागा दहाव्या प्रकरणात आहे आणि तिथे घाई अजिबात करू नये. समुद्राकडे फिरायला जाताना निवेदिकेने घरातला एक जुना रेनकोट अंगावर चढवलेला असतो. त्याच्या खिशात तिला एक चुरगळलेला रुमाल सापडतो, त्याच्या कोपऱ्यावर विणलेली आद्याक्षरे आहेत, त्यांतले ‘आर’ इतके उंच आणि तिरके की शेजारची अक्षरे त्याच्यापुढे खुजी दिसतात. रुमालावर लिपस्टिकचा पुसट डाग आहे, आणि त्याला एक ओळखीचा, विरत चाललेला सुगंध आहे. इथून तिचे मन तपास करू लागते. कोट मला लांब होतो, बाह्या मनगटाखाली येतात, म्हणजे ती उंच होती आणि खांद्यांत माझ्यापेक्षा रुंद होती. काही बटणे तुटलेली आहेत, म्हणजे तिने ती लावण्याची फिकीर केली नाही, कोट नुसता खांद्यांवर टाकला असेल किंवा खिशांत हात खुपसून उघडाच ठेवला असेल.

एखाद्या निष्णात गुप्तहेरालाही हेवा वाटावा असा हा परिच्छेद आहे. उंचीचा निष्कर्ष पक्का आहे, कारण बाहीची लांबी खोटे बोलत नाही. बटणांवरून काढलेला निष्कर्ष बराच सैल आहे, बटण शंभर कारणांनी तुटते. आणि शेवटची, खिशांत हात घातलेली, बेफिकीर, देखणी आकृती तर निखळ कल्पनाचित्र आहे. तरीही परिच्छेद संपतो तेव्हा वाचकाच्या डोळ्यांसमोर रेबेका चालताना दिसते. सगळ्या कादंबरीत जिवंतपणी एकदाही समोर न येणारी ही स्त्री अशीच, एका कोटाच्या बाह्यांतून आणि एका अक्षराच्या तिरकेपणातून उभी राहते. हा परिच्छेद एकदा वाचून झाल्यावर मोठ्याने पुन्हा वाचावा. मला स्वतःला या कादंबरीचे मर्म इथेच प्रथम कळले.

‘असेल’ केव्हा नाहीसे झाले?

कल्पनेत रमणे हा निवेदिकेचा स्वभावच आहे. नोकर आपल्या पाठीमागे काय बोलत असतील, शेजारणी घरी परतताना गाडीत काय म्हणाल्या असतील, याची पुरी संवादांसह दृश्ये ती मनात रचते. अशा जागांवर क्रियापदांकडे लक्ष ठेवावे. मराठीत आपण जिथे ‘म्हणाली असेल’, ‘हसली असेल’ असे म्हणतो, तसे संभाव्यतेचे रूप इंग्रजीतही दृश्याच्या आरंभी असते. पण कल्पना रंगत गेली की ते रूप आपल्या नकळत मागे पडते, आणि जे घडलेलेच नाही ते घडलेल्याइतके ठसठशीत होऊन बसते. चार दिवसांनी आपल्याला तो प्रसंग आठवतो, पण तो तिने कल्पिला होता हे आठवत नाही. ज्या ओळीत ‘असेल’ गळून पडले ती ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवावे.

सोळाव्या प्रकरणात, मेजवानीची तयारी चालू असतानाच्या एका रात्री, हा स्वभाव टोकाला जातो. जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या ती स्वतःला रेबेकाच्या जागी कल्पून तिचे हावभाव मनात वठवू लागते, आणि अचानक मॅक्सिम विचारतो की तू एवढा वेळ कसला विचार करत होतीस. तिच्या चेहऱ्यावरचे भाव भराभर बदलत होते, क्षणभर ती वयाने मोठी आणि कावेबाज दिसली, आणि ते त्याला आवडलेले नाही. इथे थांबावे. आपण आतापर्यंत तिच्या डोळ्यांच्या मागे बसून जग पाहत होतो, आणि या एका क्षणी समोरच्या माणसाला ती कशी दिसते हे आपल्याला कळते. तिला बाहेरून दाखवणारी अशी वाक्ये फार थोडी आहेत. ती वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी उतरवून ठेवावीत.

हे तिला कोणी सांगितले?

निवेदिकेचा एक ठाम विश्वास असा की आपला नवरा पहिल्या बायकोच्या दुःखातून अजून सावरलेला नाही. या विश्वासाचा उगम शोधून पाहावा. रेबेका मँडर्लीजवळच्या समुद्रात बुडाली आणि तो त्याविषयी बोलत नाही, हे तिला माँटे कार्लोत तिच्या त्या अमेरिकन मालकिणीकडून, मिसेस व्हॅन हॉपरकडून कळते, आणि हॉटेलात कोण आले-गेले यावर नजर ठेवून असणाऱ्या त्या बाईचे ज्ञान ऐकीव गप्पांपलीकडे जात नाही. तीच बाई निघताना असेही बोलून जाते की रिकामे घर खायला उठते म्हणून तो तुझ्याशी लग्न करतो आहे. ज्या बाईचा निवेदिकेला तिटकारा आहे तिचेच शब्द ती मँडर्लीला सोबत घेऊन जाते, हे ध्यानात आले की मन कळवळते. प्रत्येक ठाम समजुतीपुढे ही माहिती कोणाकडून आली आणि त्या माणसाला ती कशी कळली, हे दोन प्रश्न लिहावेत. उत्तर मिळाले नाही तरी चालेल.

याच जोडीला, लोक जे बोलतात आणि ती त्यातले जे उचलते, त्यांतले अंतर पाहावे. इस्टेटीचा कारभार पाहणारा फ्रँक क्रॉली तिला मनापासून सांगतो की दयाळूपणा, सचोटी आणि विनय यांचे मोल नवऱ्याच्या दृष्टीने बुद्धी आणि सौंदर्य यांहून कितीतरी अधिक असते. त्यावर ती रेबेका फार सुंदर होती का असे विचारते, तो तोंड फिरवतो आणि तिच्याइतके सुंदर माणूस आपण पाहिले नाही असे उत्तर देतो. ती घरी काय घेऊन जाते? केवळ ते शेवटचे वाक्य. आपण मात्र आधीचे वाक्यही उतरवून ठेवावे, आणि त्याने तोंड का फिरवले असेल यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. मॅक्सिमच्या मौनांचेही तसेच करावे. तो गप्प झाला की ती त्या शांततेत आपल्या मनातला अर्थ भरते. वहीत नुसते ‘गप्प झाला’ एवढेच लिहावे.

घराचा नकाशा

कागदावर मँडर्लीचा ढोबळ नकाशा काढावा. पूर्वेकडची बाजू, जिथे नव्या नवरीची सोय केली आहे, तिथून गुलाबांची बाग दिसते आणि समुद्राचा आवाज येत नाही. पश्चिमेकडची बाजू बंद आहे आणि तिच्या खिडक्या समुद्राकडे उघडतात. रस्त्याच्या दुतर्फा रक्तासारख्या लाल फुलांची ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे, दरीतून खाली जाणारी अझेलियांच्या फुलझाडांची वाट, तिच्या टोकाला समुद्रकिनारा आणि तिथली होड्यांची खोपी. निवेदिकेच्या ज्ञानाची हद्द आणि तिच्या पायाखालच्या जमिनीची हद्द एकच आहे. ती नव्या खोलीत किंवा नव्या वाटेवर पाऊल टाकते तेव्हा कथा पुढे सरकते, म्हणून नकाशावर तिने ओलांडलेल्या उंबरठ्यांवर प्रकरणाचा आकडा घालत जावा.

एक जागा मात्र नकाशावर कुठेच नाही, ती म्हणजे तिचे नाव. मॅक्सिम म्हणतो की तुझे नाव सुंदर आणि वेगळे आहे, पण आपल्याला ते शेवटपर्यंत कळत नाही. लेखिकेने पुढे सांगितले होते की आपल्याला नाव सुचलेच नाही, आणि मग नावाशिवाय कादंबरी पार पाडणे हे लेखनतंत्राचे आव्हानच होऊन बसले, जे प्रथमपुरुषी निवेदनामुळे पेलता आले. कारण इतके साधे असले तरी परिणाम विलक्षण आहे. मँडर्लीत पहिल्याच सकाळी घरातला फोन वाजतो, मिसेस द विंटर आहेत का अशी विचारणा होते, आणि ही मुलगी भांबावून उत्तर देते की त्यांना जाऊन वर्ष उलटून गेले. तेच तिचे स्वतःचे नवे नाव आहे हे तिच्या लक्षातच येत नाही.

मेजवानीच्या आदल्या रात्री

मेजवानीच्या अलीकडे एकदा पुस्तक मिटून एक दिवस जाऊ द्यावा. वहीत आपला स्वतःचा अंदाज लिहावा: मॅक्सिम कसा माणूस आहे, मिसेस डॅनव्हर्सला काय हवे आहे, रेबेका कशी होती. लिहिताना प्रत्येक उत्तर कोणत्या रकान्यातून आले हेही नोंदवावे. माझ्या ओळखीच्या ज्या वाचकांनी हे केले, त्या बहुतेकांना आपली उत्तरे तिसऱ्या रकान्यातून आलेली आढळली, म्हणजे निवेदिकेला ते जितके बजावत होते तितकेच ते स्वतः तिच्या कल्पनेवर विसंबले होते. त्यांनी याचे वाईट वाटून घेऊ नये. तिच्यावर वरचढ ठरण्यासाठी हे पुस्तक वाचायचे नाही. तिच्या वयात, तिच्या जागी, परक्या घरात, दुसऱ्या बाईच्या लेखणीने आणि दुसऱ्या बाईच्या टेबलावर पत्रे लिहिताना आपणही असेच केले असते, हे जाणवणे म्हणजेच योग्य वाचन होय.

त्यानंतर वही बाजूला ठेवावी. मेजवानीपासून शेवटापर्यंतचा भाग शक्य तितक्या सलग, एखाद्या सुट्टीच्या दिवशी वाचावा. तिथे टिपणे काढू नयेत.

चित्रपट त्यानंतर पाहावेत. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि वहिदा रहमान व विश्वजीत यांचा १९६४ चा ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपटही याच कथेवर बेतलेला आहे. हिचकॉकला त्या काळच्या अमेरिकी सेन्सॉरच्या नियमांमुळे कथेतली एक कळीची बाब बदलावी लागली, ती कोणती हे कादंबरी वाचलेल्याला तत्काळ कळेल. पण मोठा फरक असा की कॅमेरा निवेदिकेला सतत बाहेरून पाहतो, आणि तिच्या डोळ्यांमागे बसण्याची जी जागा कादंबरीने आपल्याला दिली होती ती पडद्यावर पुरती मिळत नाही.

शेवटचे पान संपले की पुस्तक लगेच कपाटात ठेवू नये. त्याच बैठकीत पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे यावे, कारण काळाच्या हिशेबाने ते आता पुढचे प्रकरण आहे. दुसरे प्रकरणही वाचावे. त्या साध्या हॉटेलात दोघे बसली आहेत, इंग्लंडची जुनी वर्तमानपत्रे पुढ्यात आहेत, ती त्याला क्रिकेटच्या धावसंख्या वाचून दाखवते आहे, आणि इंग्लंडच्या रानावनाचे वर्णन समोर आले तर ते मोठ्याने न वाचता मनातल्या मनात वाचते आहे. पहिल्या खेपेला हा प्रसंग कंटाळवाणा वाटला होता. आता ती कोणती ओळ गाळते आणि का गाळते, ते प्रत्येक वाक्यापाशी थांबून पाहावे.